मास्तरांची दुसरी ट्रायल

मास्तरांकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्यांच्या तोंडामुळे. शाळेतून निवृत्त होऊन मी या गल्लीत राहायला आले, तेव्हा जुन्या घरचे पडदे नव्या खिडक्यांना लांब होत होते. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान दिसलं म्हणून आत शिरले. एक शिडशिडीत गृहस्थ एका जाडजूड माणसाच्या अंगावर कोट बसवत होते. त्यांच्या ओठांत टाचण्यांची रांग होती, आणि त्यातली एकही न सांडता ते त्या माणसाला दटावत होते.

"पोट आत ओढू नका. ओढलेल्या पोटाचा कोट शिवला, तर आयुष्यभर श्वास रोखून हिंडावं लागेल."

तोंडात काही असताना बोलू नये, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. पेन्सिल चावत बोलणाऱ्या मुलांचं मला कधी अक्षरही कळलं नव्हतं. या गृहस्थांचं मात्र सगळं कळत होतं, जोडाक्षरांसकट. पडदे बाजूला राहिले आणि मी तिथेच उभी राहून ऐकत राहिले.

शिंपी म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जन्मभर शिकवलं मी, पण इथे मास्तर ते, आणि मी नुसती बाई. याची त्यांना भारी गंमत वाटते. "बाई, तुमचं-आमचं काम एकच," ते मला म्हणाले होते, "लोक वाढत राहतात आणि आपण शिवणीत कापड ठेवायचं."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापड बेतायचं टेबल, त्याच्या कडा हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या. मग दोन मशिनं, मग उभा आरसा, आणि अगदी आत खिडकीपाशी एक बिनपाठीची खुर्ची. त्या खुर्चीत मास्तरीणबाई बसतात. बेतणं आणि शिवणं मास्तरांचं; काजं, बटणं आणि हातशिलाई त्यांच्या बायकोची. काज म्हणजे बटण अडकवायची ती चीर. तिच्या कडेने इतके जवळजवळ टाके घालायचे असतात, की वर्षानुवर्षं बटण आत-बाहेर झालं तरी धागा सुटत नाही. मास्तरीणबाईंचं काज नखाने चाचपलं तर मण्यांची माळ हाताला लागल्यासारखं वाटतं. मास्तर गिऱ्हाइकांना सांगतात, "कोट मी शिवतो खरा, पण तो बंद होतो तो हिच्यामुळे." त्यावर आतून आवाज येतो, "कोट बंद होतो. तुमचं तोंड बंद करणारं काज अजून जमलेलं नाही."

मास्तरांचा एक नियम आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. कपडा कितीही साधा असो, दोनदा ट्रायल दिल्याशिवाय तो दुकानाबाहेर जात नाही. पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर. त्यात काय चुकलं ते दिसतं. ते उसवून, दुरुस्त करून दुसरी ट्रायल. पुष्कळ लोक पहिल्या ट्रायलनंतर कंटाळतात. गावातल्या ब्रास बँडचा म्होरक्या, तोच तो जाडजूड गृहस्थ, एकदा म्हणाला, "मास्तर, पहिल्या वेळी ठीक बसला होता की. मी माणूस पाठवतो, त्याच्याकडे द्या." मास्तरांनी माणूस रिकाम्या हाताने परत पाठवला आणि सांगितलं, "त्यांना म्हणावं, अंग पाठवा. निरोपाला कोट बसत नाही."

इतक्या नेटक्या माणसाचं स्वतःच्या तोंडाशी मात्र वागणं बेशिस्त होतं. दोरा ओला करायचा तो जिभेवर, तोडायचा तो दातांनी. तरुणपणापासून दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडली होती, म्हणून पुढे ते डावीकडच्या दाढांनी तोडायला लागले. त्याच डाव्या गालात जेवणानंतर तंबाखूची चिमूट. "डावा गाल म्हणजे माझं कपाट आहे," असं ते म्हणायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "एकदा आवरायला काढा ते."

आता बॉबिनविषयी सांगायला हवं. ही मास्तरांची पुतणी, भावाची मुलगी. आई-वडील दोघंही कामावर जायचे, त्यामुळे शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि टेबलाखालच्या चिंध्यांत खेळायची. गोल गरगरीत होती, सारखी गिरक्या घ्यायची, म्हणून काकांनी मशिनमधल्या दोऱ्याच्या फिरत्या रिळावरून नाव ठेवलं बॉबिन. आता ती उंच, चष्मा लावणारी बाई झाली आहे आणि पुलापलीकडच्या दातांच्या इस्पितळात, प्रयोगशाळेत काम करते. दुकानात आली की अजूनही टेबलावरच चढून बसते.

एके दिवशी ती अशीच बसली होती आणि मीही तिथे होते. बँडवाल्याचा किस्सा सांगताना मास्तर मान मागे टाकून हसले, तोंडभर, टाचण्या नसताना हसतात तसे. बॉबिनचं हसू मध्येच थांबलं.

"काका, पुन्हा हस बरं."

"आधी विनोद तरी सांग."

"आ कर."

"मी काय घोडा आहे?"

ती टेबलावरून उतरली, मोबाइलचा दिवा लावला आणि त्यांची हनुवटी धरली. "डाव्या गालात हा पांढरा डाग कधीपासून आहे?"

"खडू लागला असेल." मास्तरांच्या मते जगातला कुठलाही पांढरा डाग खडूचाच असतो.

बॉबिनने बोटाला रुमाल गुंडाळून डाग पुसून पाहिला. तो गेला नाही. "दुखतं?"

"छे. डाग आहे हे आत्ता तुझ्याकडूनच कळतंय."

"तेच वाईट आहे," ती म्हणाली. मग काकूकडे पाहून आवाज सैल केला. "असे डाग बऱ्याच लोकांच्या तोंडात असतात. पुष्कळ डागांचं काहीच होत नाही. काहींचा मात्र पुढे कॅन्सर होतो. नुसत्या डोळ्यांनी कुठला कुठल्या वाटेला जाणार ते सांगता येत नाही. आमच्याकडे नवं यंत्र आलंय. काका, उद्या ये."

ते यंत्र काय करतं, हे तिने मला नंतर नीट समजावून सांगितलं, आणि मी शिकवणारी असल्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं आहे. एका छोट्या ब्रशने गालाची आतली बाजू घासायची. ब्रशला लागलेल्या पेशी एका द्रवात धुऊन घ्यायच्या. तो द्रव केसाइतक्या बारीक नळीतून असा सोडायचा, की पेशी शाळेतल्या मुलांसारख्या एकामागोमाग एक जातात. वाटेत त्यांच्यावर जांभळा प्रकाश पडतो. प्रत्येक पेशी तो थोडा विखुरते आणि स्वतःही किंचित चमकते. निरोगी पेशीची चमक एका तऱ्हेची, बिघडू लागलेल्या पेशीची दुसऱ्या. बाहेरून दोघी सारख्याच दिसत असल्या, तरी आतला बदल उजेडाला आधी कळतो. यंत्र त्यांची मोजदाद करतं आणि प्रत्येकीचा फोटोही काढतं. "पण ते निकाल देत नाही हं, बाई," बॉबिन म्हणाली. "ते फक्त बोट दाखवतं, इथे बघा म्हणून. निकाल लागतो तो तुकडा काढून तपासल्यावर."

मास्तर गेले. का गेले, तर "पोरीचं यंत्र नवं आहे, तिला गिऱ्हाईक नको का?" एकटेच गेले. तिथे नर्सने त्यांना चांगल्या खळखळून चुळा भरायला लावल्या आणि बाहेर बाकावर बसवलं. काही खायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, असंही बजावलं.

संध्याकाळी बॉबिन संगणकासमोर बसली तेव्हा पडदा उजेडाच्या ठिपक्यांनी भरून गेला होता. तिथले डॉक्टर तिच्यामागे उभे होते. "एवढी चमक मी या यंत्रावर पाहिलेली नाही," ते म्हणाले. "पेशंटला उद्याच बोलावून घ्या."

पुढचं बॉबिननेच मला नंतर सांगितलं. तिने एकेक फोटो उघडायला सुरुवात केली, सगळ्यात चमकदार असतील ते आधी. पेशी असते ती गोलसर, पसरट. हे मात्र लांब होतं. वळसे घेतलेलं, कडेला बारीक पिंजर आलेलं. दुसरं उघडलं, तेही तसंच. टेबलाखालच्या चिंध्यांत वाढलेल्या मुलीला ते ओळखायला वेळ लागला नाही. ती खुर्ची फिरवून वळली आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे बघत राहिली.

"सर, हे मधलं बटण कुणी लावलं?"

डॉक्टर चक्रावले. "हे? सकाळी लोंबत होतं. बाहेर बाकावर एक भले गृहस्थ बसले होते, त्यांनी अंगावरच टाचून दिलं. का?"

का ते तिला दिसतच होतं. बटणाच्या खाली दोऱ्याचे वेढे देऊन छोटी मान काढलेली होती. तसं बटण गावात एकच माणूस लावतो. चुळा भरून झाल्यावर मास्तर बाकावर बसले, समोरून लोंबतं बटण आलं, आणि त्यांच्याने राहवलं नाही. खिशातून सुई-दोरा काढला, दोरा जिभेवर ओला केला आणि काम झाल्यावर डाव्या दाढेने तोडला. तोंडात काही घालायचं नाही, हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण दोरा म्हणजे काही तोंडात घालणं, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पांढरा दोरा आणखी पांढरा दिसावा म्हणून त्याला एक द्रव्य लावलेलं असतं. जांभळ्या प्रकाशात ते लखलखतं. यंत्राने मास्तरांच्या गालातली दोऱ्याची कुसं मोजली होती.

डॉक्टर हसून हसून भिंतीला टेकले. बॉबिनही हसली. मग तिने कुसं बाजूला काढून उरलेल्या पेशी पाहिल्या, आणि तिचं हसू ओसरलं. उरल्या होत्या थोड्याच. त्यांतल्या काहींची चमक तिला बरी वाटली नाही. पण एवढ्याशा पेशींवरून कुणालाच काही सांगता आलं नसतं. तिने काकांना फोन केला. "नमुना बिघडलाय, तुझा दोरा आलाय त्यात. पुन्हा ये."

मास्तरांनी एवढंच ऐकलं की यंत्र दोऱ्याला घाबरलं.

पुढचे कित्येक दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. जो येईल त्याला मास्तर ती गोष्ट सांगत, आणि प्रत्येक वेळी ती थोडी फुगे. आधी डॉक्टर घाबरले होते, मग सगळं इस्पितळ घाबरलं, शेवटी शेवटी तर यंत्रातून धूर यायला लागला. सगळे पोट धरून हसत. मीही हसले. बॉबिन रोज विचारायची, "काका, कधी येतोस?" आणि मास्तर म्हणायचे, "अगं, दोरा होता ना तो? मग झालं तर!"

शेवटी एका दुपारी मास्तर कापड आणायला बाहेर गेलेले पाहून बॉबिन काकूपाशी जाऊन बसली. मी माझं जाकीट शिवायला द्यायला गेले होते, मला तिने थांबवून घेतलं. दोऱ्याखेरीज तिला काय दिसलं ते तिने सांगितलं. "मी म्हणत नाही की आहेच. पण असलं तर आत्ता ते कोवळं आहे. आत्ता काढलं तर काका पुढच्या आठवड्यात दुकानात बसेल. वाट बघत राहिलो तर मला माहीत नाही."

मास्तरीणबाईंनी हातातलं काज पुरं केलं. दोरा कात्रीने कापला. सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, आणि मग बोलल्या. "बरं. तू जा. बघते मी."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात काज होणं बंद झालं.

मास्तरीणबाई रोजच्या वेळेला यायच्या, खिडकीपाशी बसायच्या, बटणं लावायच्या, हातशिलाई करायच्या. काजाला हात लावायच्या नाहीत. मास्तरांनी कोट पुढे केला की तो घडी घालून बाजूला ठेवायच्या. दोन दिवस मास्तरांना वाटलं, बोटं दुखत असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"तुमच्या गालाला भोक पडायची वाट बघत मी इथे कपड्यांना भोकं पाडत बसणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तपासून या. मग काजं."

"अगं, बँडचे कोट आहेत! एकेकाला दोन-दोन ओळी बटणं!"

"मोजून ठेवा."

मास्तरही हट्टाचे. त्यांनी स्वतः काजं करायला घेतली. तरुणपणी केली होती, पण लग्न झाल्यापासून त्यांचा त्याच्याशी संबंध राहिला नव्हता. पहिला बळी माझं जाकीट. मी न्यायला गेले तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. मास्तरीणबाई घरी गेलेल्या. वरचं काज तिरकं होतं, मधलं जांभई दिल्यासारखं उघडं, आणि खालच्यातून बटण जाईना.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, माझ्या वर्गात असतात तर मी हे पुन्हा लिहून आणायला सांगितलं असतं."

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि जाकिटाची बाही सारखी करत राहिले. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. दोऱ्याचं मी सगळ्यांना सांगत सुटलोय, पण रात्री जीभ आपोआप त्या डागाकडे जाते. माझे मोठे काका. त्यांचा गाल कापला होता. मी लहान होतो. त्यांना चमच्याने पाणी पाजायचे आणि ते बाहेर यायचं. बोललेलं कुणाला कळायचं नाही. मला बाकी कशाचं काही नाही हो. पण तोंड वाकडं झालं, तर या दुकानात मी करू काय? अर्धं दुकान माझ्या तोंडावर चालतं."

"तुमच्या काकांचं उशिरा कळलं असेल."

"खूप उशिरा."

"बॉबिन लवकर म्हणतेय."

त्यांनी जाकीट माझ्या हातातून परत घेतलं आणि वाईट काजं उसवायला लागले. मी त्यांना फार टोचलं नाही. मुलाला उत्तर सापडत आलेलं असलं की बाईने गप्प राहायचं असतं.

दोन दिवसांनी बँडवाला आला. जवळच कुठेतरी मोठा कार्यक्रम होता आणि सगळ्या वादकांना नवे कोट घालायचे होते. त्याने आपला कोट चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. कोट सुरेख बसला होता. बटणं चकाकत होती. ती अडकवायला मात्र जागाच नव्हती.

"हे काय मास्तर? बंद कुठे करायचा?"

मास्तर खडू शोधायला लागले. उत्तर आतून आलं. मास्तरीणबाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता: डाग, दोरा, बिघडलेला नमुना, आणि पुन्हा न जाणारे मास्तर. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. इतके दिवस ज्या गोष्टीला ते हसत होते, तिचा उरलेला भाग त्यांना आत्ता कळला.

बँडवाल्याने कोट उतरवला नाही. तसाच उघडा कोट घेऊन तो मास्तरांसमोर आला. "मास्तर, पहिली ट्रायल झाली, म्हणता?"

"झाली."

"काय निघालं?"

"कच्चे टाके," मास्तर पुटपुटले. "म्हणजे, दोरे."

"मग दुसरी?"

मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"मला काय सुनावलं होतंत? निरोपाला कोट बसत नाही. अंग पाठवा. मी आलो की नाही, हे एवढं अंग घेऊन? मग तुम्ही गाल घेऊन जायचं सोडून पुतणीकडे निरोप कसले पाठवताय?" तो टेबलावर बसला. टेबल कण्हलं. "मी बसलोय इथे. बिनकाजाचा कोट घालून वाजवायची मला लाज वाटत नाही. लोक विचारतील शिंपी कोण, तर तुमचं नाव सांगेन."

मास्तरांनी एकदा त्याच्या उघड्या कोटाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "कधी जायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"रिक्षा आणते," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा.

मला त्या दोघांनी बरोबर नेलं. इस्पितळाच्या दारात मास्तरीणबाईंनी नवऱ्याची झडती घेतली. शर्टाच्या खिशातून दोऱ्याचं रीळ, पँटच्या खिशातून दुसरं. कॉलरखाली खोचलेली सुई. "झालं?" मास्तरांनी विचारलं. "बाही उलगडा," त्या म्हणाल्या. दुमडीतून आणखी एक सुई निघाली. तंबाखूची डबी त्यांनी उघडूनही पाहिली नाही, सरळ कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

चुळा भरून झाल्या. आम्ही बाकावर बसलो. समोरच्या खिडकीचा पडदा खालून उसवला होता आणि त्याचं एक टोक वाऱ्याने हलत होतं. मास्तरांनी तोंड फिरवलं. मग हळूच परत बघितलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यांवर बसले. "बाई, काहीतरी बोला," ते म्हणाले. मी त्यांना माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगायला लागले, पण त्यांचं लक्ष पडद्याकडेच होतं. आत बोलावलं तेव्हा ते जवळजवळ पळत गेले.

"जरा दाबून घासणार हं, काका," बॉबिनचा आवाज दारातून ऐकू येत होता. "वरवर घासलं तर नुसता वरचा थर येतो. खालचं पाहिजे मला."

"अस्तरापर्यंत जा," मास्तर म्हणाले, किंवा तसं काहीतरी. तोंडात ब्रश असूनही मला कळलं.

या वेळी पडद्यावर लखलखाट नव्हता. बॉबिनने आम्हाला आत नेऊन दाखवलं. पेशींचा एक मोठा पुंजका मंद चमकत होता, आणि त्याच्यापासून जरा सुटून एक लहान पुंजका, वेगळ्या चमकेचा. "हा," ती म्हणाली. "हा दोरा नाही." तिने फोटो उघडून दाखवले. गोलसर, पसरट. मास्तरीणबाईंनी नवऱ्याचा दंड धरला.

डॉक्टरांनी त्या डागाचा मसुराएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस दुकान फार शिस्तीत चाललं. मास्तर बोलायचे कमी आणि शिवायचे जास्त. अहवाल घेऊन डॉक्टर समोर बसले, तेव्हा मास्तरीणबाईंनी त्यांना प्रस्तावना करू दिली नाही. "झालाय की नाही, ते सांगा."

"व्हायला निघाला होता," डॉक्टर म्हणाले. "पेशी बदलायला लागल्यात, पण सगळं वरच्या थरातच आहे. खाली उतरलेलं नाही. डाग आणि भोवतीचा थोडा भाग काढून टाकू. गाल तसाच राहील, तोंड तसंच राहील." मग मास्तरांकडे पाहून म्हणाले, "बोलणंही."

"ते जरा कमी करता आलं तर बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मग तोंडावर पदर धरून रडल्या. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मास्तर गोंधळले. त्यांनी खिशात हात घातला रुमालासाठी, आणि हाताला आलं दोऱ्याचं रीळ. रडता रडता मास्तरीणबाई हसायला लागल्या. "हे कुठून आलं हो परत?"

शस्त्रक्रिया जागेपणीच झाली, गाल बधिर करून. मास्तर त्याच दिवशी घरी आले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर ते दुकानातल्या उभ्या आरशासमोर आ करून उभे होते आणि मोबाइलचा दिवा आत मारून डॉक्टरांचे टाके तपासत होते. बोलायची मनाई होती, म्हणून त्यांनी खडूने टेबलावर लिहून दाखवलं: "हात चांगला आहे. गाठी जरा जाड." बॉबिनने हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आता टाके विरघळेपर्यंत त्यांना आरसा देऊ नका."

मास्तरीणबाई त्याच सकाळपासून काजं करत होत्या. कोटांचा ढीग त्यांच्या उजव्या बाजूने कमी होत होता आणि डाव्या बाजूने वाढत होता. बँडचा कार्यक्रम वेळेवर पार पडला. परत जाताना सगळी मंडळी गल्लीत शिरली आणि दुकानासमोर अर्धवर्तुळ करून उभी राहिली, कोटांची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून. म्होरक्याने विचारलं, "मास्तर, काय वाजवू?" मास्तरांना अजून मोठ्याने बोलता येत नव्हतं. ते जवळ गेले, त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि कानाशी म्हणाले, "काहीही वाजवा, पण जोरात फुंका. छातीला दोन बोटं जास्त ठेवलीत." बँडवाल्यांनी अशी काही धून वाजवली, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मास्तरीणबाई मशिनच्या पायडलवर पायाने ठेका धरून बसल्या.

तंबाखू सुटली, पण सहज नाही. पहिले दोन महिने मास्तरांशी बोलायची सोय नव्हती. गिऱ्हाइकांवर डाफरायचे, कात्री आपटायचे, आणि मास्तरीणबाई आतून म्हणायच्या, "डाफरा. ऐकायला येतंय हे पुष्कळ झालं." हळूहळू ते आपल्या स्वभावावर आले.

दोऱ्याची गोष्ट ते अजूनही सांगतात. बॉबिनने त्या चमकणाऱ्या कुसाचा फोटो मोठा करून दिला आहे, तो आरशाशेजारी लावला आहे. मात्र गोष्ट आता तिथे संपत नाही. ते पुढचंही सांगतात, लहान पुंजक्याचं, आणि मग माप घेता घेता गिऱ्हाइकाला म्हणतात, "बघू, आ करा." तंबाखू खाणारा असेल तर जास्तच निरखून बघतात. पांढरा डाग दिसला, लाल दिसला, बरं न होणारा व्रण दिसला, की त्याला बॉबिनकडे धाडतात. काही जण रागावले. एक जण तर पँट न शिवता निघून गेला. पण बरेच जण जाऊन आले, आणि बहुतेकांच्या डागांत काही निघालं नाही. दोघांच्यात निघालं. त्या दोघांचंही वेळेत निभावलं.

स्वतः मास्तर नेमाने तपासणीला जातात. मास्तरीणबाई बरोबर असतात. सुरुवातीला त्यांना थोड्या थोड्या महिन्यांनी जावं लागत होतं. मागच्या खेपेला गाल स्वच्छ निघाला, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे ती एकदम पुढच्या वर्षाची.